गंधकवाले सर

आमच्या सरांना वास येत नाही, हे आम्हाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही गॅसचं उपकरण तडकलं तेव्हा.

ऐंशीनंतरची ती वर्षं. धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. करत होते, तिथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून एक अरुंद खोली होती. काचेचे तीन गोळे एकावर एक बसवलेलं उपकरण तिथे उभं असायचं. आत काळे खडे आणि ॲसिड. तोटी फिरवली की हायड्रोजन सल्फाइड बाहेर यायचा. सडक्या अंड्याचा वास असलेला हा गॅस क्षार ओळखायच्या प्रयोगांना लागायचा. प्रॅक्टिकलच्या दिवशी तो वास ओढणीत घेऊनच मी घरी जायचे आणि रिक्षात शेजारची बाई हळूच पलीकडे सरकायची.

त्या दिवशी मधला गोळा तडकला. आम्ही सगळे खोकत, डोळे पुसत बाहेरच्या निंबाखाली पळालो. मोजून पाहिलं तर सर नव्हते. ते खोलीच्या दाराशीच टेबल टाकून काहीतरी वाचत बसले होते. आम्ही हाका मारल्या, त्यांनी हात वर करून "थांबा" अशी खूण केली आणि पान उलटलं. शेवटी आमचे लॅब अटेंडंट गफूरचाचा तोंडावर ओला टॉवेल बांधून आत शिरले आणि सरांना दंडाला धरून ओढत बाहेर घेऊन आले.

"मरना है क्या, सर? पूरा कमरा भर गया है!"

सरांनी खिशातून कागदाची एक पट्टी काढली. लेड ॲसिटेटमध्ये भिजवलेली पांढरी पट्टी ते कायम खिशात ठेवत. गॅस लागला की ती काळी पडते. ती कोळशासारखी झाली होती. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "अरेच्चा."

मग निंबाखालीच त्यांनी आमचा तास घेतला. "हा गॅस आधी नाकाला मारतो, मग माणसाला. वास यायचा थांबला की वाटतं, गॅस गेला. गॅस तिथेच असतो, नाक गेलेलं असतं. माझं या खोलीत वीस वर्षांत हळूहळू गेलं. आता मला गुलाब आणि गटार सारखंच." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कुणी आपलं गाव सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

सर मूळचे रावेरकडचे, केळीच्या मुलखातले. बायको लवकर गेलेली, एकुलती मुलगी जळगावला दिलेली. धुळ्यात ते एका खोलीत एकटेच राहत. शर्टावर ॲसिडची भोकं असायची. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी सुतळी. शनिवारी गावी जायचे आणि सोमवारी सायकलच्या हँडलला केळीचा घड टांगून कॉलेजात यायचे. तो घड मधल्या सुट्टीपर्यंत संपलेला असायचा, कारण वाटेत जो भेटेल त्याच्या हातात ते केळं ठेवत आणि तो सोलून खाईपर्यंत समोर उभे राहत.

त्यांची हजेरी घ्यायची पद्धत तर साऱ्या कॉलेजात प्रसिद्ध होती. नंबर पुकारला की "येस सर" म्हणायचं नाही. काल काय खाल्लं ते सांगायचं.

"अकरा?"

"कळण्याची भाकरी आणि ठेचा, सर."

"वा! ज्वारीत उडीद किती घालते गं तुझी आई? चौथाई? बारा?"

"शेवभाजी, सर."

"तेरा?"

"चहा-पाव."

हे सगळं ते एका लांबट वहीत उतरवून घेत. वसतिगृहातली मुलं वाटेल ते पदार्थ सांगायची, एकानं तर सलग आठवडाभर श्रीखंड खाल्लं. सर तेही उतरवून घेत. पण तेरा नंबरचा मुलगा रोज चहा-पावच सांगत होता. पंधरवड्यानंतर सरांनी त्याला तासानंतर थांबवलं, आणि त्यानंतर तो दर गुरुवारी नि रविवारी सरांकडे जेवताना दिसू लागला. सर स्वतः भाकरी थापत. तो सांगायचा, भाकऱ्या बऱ्या होतात, पण फोडणी जळली तरी सरांना कळत नाही, मलाच ओरडावं लागतं.

या वहीमागे सरांचं एक वेड होतं. त्यांच्या मते आपल्या खोलीतला तो विषारी गॅस माणसाच्या शरीरातही बनतो. आतड्यात बनतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल चालायची. पण सर म्हणत, आतड्याचं सोडा, शरीर स्वतः बनवतं, जाणूनबुजून बनवतं. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की यकृताचा लगदा चंबूत घेऊन त्यात गंधक असलेलं अमिनो ॲसिड टाकलं की हा गॅस निघतो.

"शरीर वेडं नाही, पोरांनो," ते फळ्यावर खडू आपटत म्हणायचे. "लसूण खाता, कांदा खाता, अंडं खाता, डाळ खाता. सगळ्यात गंधक. ते आत गेल्यावर त्याची वाटणी कोण करतं? यकृतात एक कारकून बसलेला आहे. पण बी-सहा जीवनसत्त्व हातात दिल्याशिवाय तो लेखणी उचलत नाही. आणि उरलेलं गंधक बाहेर काढायला वेगळी माणसं. त्यांना रायबोफ्लेविन लागतं, मॉलिब्डेनम लागतं. चिमूटभरसुद्धा नाही, चिमटीला चिकटेल त्याच्याही शंभराव्या हिश्शाइतकं! उडदात आहे ते. तुमच्या आज्यांनी कळण्याच्या भाकरीत उडीद उगाच घातला नाही. आणि बी-सहा कशात?"

"केळ्यात, सर!" सगळा वर्ग ओरडायचा.

हे परीक्षेला येत नव्हतं. तरी मला ते आवडायचं. घरी भाकरीचा तुकडा मोडताना मला आत बसलेला तो कारकून दिसायचा. आमचे नाना पाटबंधारे खात्यात कारकूनच होते, त्यामुळे तो मला नानांसारखाच दिसायचा, कानाला पेन्सिल लावलेला.

माझी धाकटी बहीण शोभा तेव्हा बारा वर्षांची होती. वयाच्या मानानं फार उंच आणि काटकुळी. बोटं लांब, चष्मा जाड. सहावीत दोनदा बसली होती. शाळेत तिला मंद म्हणत, आणि बाईंनी नानांना बोलावून सांगितलं होतं की या वर्षी काढून घेतलीत तर बरं. आई तिला घेऊन देवाधर्माचं करून चुकली होती.

एकदा माझा डबा द्यायला शोभा प्रयोगशाळेत आली. सरांनी तिला पाहिलं, तिच्या मनगटाभोवती आपलं बोट-अंगठ्याचं कडं केलं आणि म्हणाले, "ही काय खाते?"

मी सांगितलं. सरांनी वहीतलं पान फाडून त्यावर लिहून दिलं. रोज दोन उकडलेली अंडी, चार केळी, लसणाची चटणी, जमेल तेवढी डाळ. खाली दोनदा अधोरेखित करून: 'दोन महिन्यांत फरक दिसेल.'

आमच्या घरात सरांचा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. आई रोज सकाळी अंडी उकडायची. शोभाला अंडं आवडायचं नाही, ती नाक दाबून गिळायची. आई समोर बसून गिळवायची.

दोन महिन्यांत फरक दिसला. शोभाला फळ्यावरचं दिसेनासं झालं. ती उंबऱ्याला अडखळून पडू लागली. नानांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय, दोन्ही डोळ्यांत. कुठे लागलं होतं का? लागलं नव्हतं. मग असं का व्हावं, हे त्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मी रडवेली होते. सरांनी विचारलं. मी भिंगाचं सांगितलं आणि सरांच्या हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये जायच्या ऐवजी टेबलावर आडवी झाली.

"भिंग सरकलंय? नक्की हाच शब्द वापरला?"

"हो, सर."

"उंची किती आहे तिची? बोटं लांब आहेत, ती मीच पाहिली. अभ्यासात मागे आहे ना?" मग एकदम खालच्या आवाजात, "अंडी देताय अजून?"

"रोज देतोय, सर."

ते तडक बाहेर पडले. तो सगळा दिवस आणि पुढचा दिवस ते लायब्ररीत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, शोभाची सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन ये. मी लाजले. सर चिडले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चिडलेलं पाहिलं.

गंधक आहे की नाही, हे ओळखायची एक चाचणी आम्ही दर आठवड्याला करत असू. शेवटचा थेंब पडला की नळीत जांभळट लाल रंग फुलायचा, आणि तो फुलला की आम्ही खूश व्हायचो, कारण उत्तर मिळालेलं असायचं. सरांनी कुलपातली विषारी रसायनं काढली, सगळ्यांना बाहेर घालवलं. मी आणि गफूरचाचा दाराशी उभे राहिलो. सरांनी शेवटचा थेंब सोडला. नळीत तोच रंग फुलला, जास्वंदीसारखा गडद.

सर स्टुलावर बसले. चष्मा काढला, सुतळी कानाला अडकली ती सोडवली.

"तिच्यातला तो कारकून जागेवर नाही," ते म्हणाले. "किंवा आहे, पण झोपलाय. गंधकाची वाटणीच होत नाहीये, ते पुढे न जाता नको त्या रूपात रक्तात साठतंय. आणि मी..."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. नाना नुकतेच ऑफिसातून आले होते. आईनं पाट मांडला, सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं.

"अंडी आजपासून बंद करा. डाळही कमी. हा एक जन्मजात आजार असावा, असं मला वाटतंय. नक्की सांगायला मोठं हॉस्पिटल लागेल. या आजारात अंडं म्हणजे आगीत तेल. मी सांगितलं म्हणून तुम्ही दिलीत. मला माहीत नसताना मी सांगितलं. चूक माझी आहे."

आई चुलीपाशी होती. ती एरवी सरांसमोर अदबीनं शहरी बोलायची. त्या दिवशी ते सुटलं आणि तोंडून घरची अहिराणीच आली.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना सर, अंडा खावाडा म्हनीसन? पोर नही म्हने, तरी मी रोज मना हातवरी खावाडात!" आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

सर म्हणाले, "हो. मीच सांगितलं होतं."

नानांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "आणि केळी?"

सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर आकडेमोड होती. "त्या कारकुनाला जागं करायला बी-सहा लागतं, ते बरोबर होतं. पण किती, ते मी पाहिलं नव्हतं. औषधाच्या एका गोळीइतकं मिळवायला शंभराहून जास्त केळी खावी लागतील. आणि गोळ्या रोज बऱ्याच लागतात. मी चार केळी लिहून दिली होती."

शोभा दाराआडून ऐकत होती. ती फिसकन हसली. इतक्या वेळानं कुणीतरी हसलं, म्हणून असेल, नानांनी सरांना हाताला धरून पाटावर बसवलं.

सरांनी आठवड्याची रजा टाकली. नाना, शोभा, मी आणि सर सकाळच्या एस.टी.नं मुंबईला निघालो. हॉस्पिटलात चार तास रांगेत गेले. एका तरुण डॉक्टरनं सरांचे कागद वरवर चाळले.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. केमिस्ट्री शिकवतो. धुळ्याला."

"मग हे निदान कुणी केलं?"

"निदान नाही, शंका आहे. मी या मुलीला दोन महिने चुकीचं खाऊ घातलंय. म्हणून आलोय."

पलीकडच्या टेबलावर एक वयस्क डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इकडे आणा तिला."

तपासण्या झाल्या. सरांची शंका खरी ठरली. बाई म्हणाल्या, या आजारात रक्ताच्या गाठी होतात, कुठेही होतात, आणि त्या जिवावर बेततात; आणखी वर्षं गेली असती तर सांगता येत नाही. बी-सहाच्या मोठ्या गोळ्या, बरोबर फॉलिक ॲसिड. "काही मुलांना लागू पडतं, काहींना मुळीच नाही. काही आठवडे द्या, मग बघू."

ते आठवडे मला अजून आठवतात. आई शोभाला गोळ्या द्यायची आणि पाणी पिऊन होईपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहायची. आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सर रोज सायकलवरून आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचे, शोभा ओट्यावर दिसली की तिथूनच परत फिरायचे. घरात येत नसत. आईला सामोरं जायचं त्यांना जड जात असावं.

दीड महिन्यानं पुन्हा बाटली. या वेळी सरांनी आईलाही बोलावलं. प्रयोगशाळेत आई पहिल्यांदाच आली होती. चप्पल बाहेर काढून आली. सरांनी थेंब सोडला. आम्ही पाहत राहिलो. नळीत पाणी तसंच होतं. मग तळाशी किंचित गुलाबी झाक आली. शेवाळलेल्या काचेतून दिसावी तितकीच. आणखी गडद होईल म्हणून आम्ही थांबलो. झाली नाही.

आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं, भाऊ?"

सरांना ती पहिल्यांदाच भाऊ म्हणाली.

"जागा झाला," सर म्हणाले. गफूरचाचांनी "या अल्ला" म्हणून दाराच्या चौकटीला टेकून डोळे पुसले.

शोभाच्या एका डोळ्याचं पुढे मुंबईत ऑपरेशन झालं, दुसरा आहे तसा सांभाळला. ती हुशार झाली असं नाही, पण शिकलेलं तिच्या लक्षात राहू लागलं. दहावी दुसऱ्या खेपेला सुटली. त्या दिवशी नानांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले.

सरांची ती लांबट वही मात्र बंद झाली. हजेरीला आम्ही पुन्हा "येस सर" म्हणू लागलो. शेवटच्या वर्षी मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, पूर्वीसारखं विचारा ना, काय खाल्लं ते."

"विचारायला काय लागतं गं," ते म्हणाले. "उत्तर ऐकल्यावर पुढे काय सांगायचं, ते मला येत नाही."

केळी वाटणं त्यांनी सोडलं नाही. एवढंच, की आता समोर उभे राहत नसत.

पुढे बरीच वर्षं गेली. सर निवृत्त होऊन जळगावला मुलीजवळ दोन खोल्या घेऊन राहिले. मी भुसावळला एका कॉलेजात शिकवू लागले, नाना-आई गेल्यावर शोभा माझ्याकडेच आली. रेल्वेच्या वसाहतीतल्या एका बालवाडीत ती मुलांना सांभाळते. मुलं तिच्या जाड चष्म्यातून आत बघायला भांडतात.

नव्वदीच्या उत्तरार्धात मी एका अभ्यासवर्गासाठी पुण्याला गेले होते. तिथल्या ग्रंथालयात एका परदेशी नियतकालिकातला एक लेख मी उभ्या उभ्या वाचला आणि मग खाली बसून पुन्हा वाचला. मेंदू स्वतःच हायड्रोजन सल्फाइड बनवतो, आणि बहुधा काही कामासाठी बनवतो, असं त्यात होतं. आणि तो बनवणारा कारकून तोच, बी-सहावाला, जो शोभाच्या शरीरात झोपला होता. मी झेरॉक्स काढली आणि पुढच्या रविवारी शोभाला घेऊन जळगावला गेले.

सर म्हातारे झाले होते. त्यांनी भिंगानं लेख वाचला, एकेका ओळीवर बोट फिरवत, तासभर. शोभानं तोवर चहा केला. मला वाटलं होतं, ते उडी मारतील, स्टाफरूममधल्या साऱ्या हसणाऱ्यांची नावं घेतील. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवले.

"हे उंदरांच्या मेंदूवरचं आहे," ते म्हणाले. "माणसाचं सांगायला अजून वेळ आहे. घाई नको."

"पण सर, तुम्ही म्हणत होता तेच आहे ना हे!"

"मी म्हणत होतो. यांनी करून पाहिलंय." मग ते शोभाकडे वळले. "म्हणजे तुझ्या शरीरात लहानपणी हा गॅस कमी बनत असेल का गं? कुणाला ठाऊक. तुला कधी काही वेगळं वाटायचं?"

शोभा कपबशा उचलता उचलता म्हणाली, "मला काय माहीत, सर? मी दुसऱ्या कुणाच्या शरीरात राहिलेच नाही."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. शोभानं त्यांची पाठ चोळली. डोळे पुसत ते म्हणाले, "हा प्रश्न परीक्षेत विचारला असता, तर तुला पैकीच्या पैकी दिले असते."

निघताना ते आम्हाला सोडायला स्टँडवर आले. नको म्हटलं तरी आले. ऊन कलत होतं, भुसावळची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो, सर मध्ये. शोभा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. मग तिनं एकदम विचारलं.

"सर, तुम्ही तेव्हा घरी येऊन चूक कबूल केली नसती, तर? नुसतं म्हणाला असता, मुंबईला दाखवा, अंडी बंद करा. मला बरं वाटायचं ते वाटलंच असतं. तुमची चूक कुणाला कळली असती?"

मी तिला कोपरानं ढोसलं. सरांना राग आला नाही. ते समोरच्या फलाटावर एस.टी.त चढणाऱ्या माणसांकडे बघत विचार करत होते.

"कुणालाच नाही," ते म्हणाले. "म्हणून तर यावं लागलं."

गाडी लागली. शोभा वाकून त्यांच्या पाया पडली, आणि चढताना पायरी दिसेना म्हणून त्यांच्याच खांद्याला धरून वर चढली.